धुऱ्यावरचं कुत्रं



कापसाच्या भावाचं बोलणं झालं, विजेचं झालं, आणि आता या दोघी कुत्र्यांवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटलं. ते आम्हाला इथून दिसलं. हसा. पण हसणाऱ्यांपैकी किती जण काल रात्री जागलीला होते, तेही एकदा सांगा.

आम्ही दोघी सख्ख्या जावा. मालेगाव तालुक्यात आमचं अकरा एकर कोरडवाहू वावर. पऱ्हाटी, तूर आणि हट्टानं ठेवलेली दोन एकर ज्वारी. घरात माणसं सात, कुत्री पाच. सासऱ्यांनी एक कारवानी कुत्री आणली होती. ते गेल्यावर तिची वीण सांभाळायला घरात कोणी तयार होईना, म्हणून आम्ही सांभाळली, आणि मग नादच लागला. नवरे म्हणतात, बायकांना कशाचा नाद लागेल ते सांगता येत नाही. पण रात्री वावरात जाताना कुत्रं सोबत नेतात तेच.

पहिली आमच्या आवडीची जात कारवानी. उंच, खांद्याशी दोन-सव्वादोन फूट. तोंड लांबट, छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, अंगावर केस आखूड. नवखा पाहुणा पहिल्यांदा हेच विचारतो, की बाई, याला खायला घालत नाही का? त्याची घडणच तशी. तान्ही आणि आजारी सोडली तर निरोगी कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत. जाड झाला की पळणं संपलं. तांड्यांबरोबर, काफिल्यांबरोबर चालणारं कुत्रं म्हणून कारवानी, असं सांगतात. आपल्या जिल्ह्यात पोहरादेवी आहे, तांडे आहेत. तिथल्या म्हाताऱ्यांना कुत्र्याचं जे कळतं ते शहरातल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात कळणार नाही.

हेच कुत्रं कर्नाटकात गेलं की मुधोळ होतं. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली. मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला या जातीची कुत्री भेट दिली, तेव्हापासून संस्थानाचं नाव कुत्र्याला चिकटलं. 2005 साली त्याचं टपाल तिकीट निघालं. मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी संशोधन केंद्र आहे, आणि 2016 साली तिथली पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात शिकायला गेली. मान मिळाला, चांगलं झालं. पण पिढ्यान्‌पिढ्या ही जात भाकर-ताकावर जगवली ती धनगरानं, बंजाऱ्यानं, कुणब्यानं. त्यांचं नाव कुठल्या तिकिटावर नाही. कापसाचं जे होतं तेच कुत्र्याचं झालं.

दुसरी जात पश्मी. कारवानीचीच बहीण, पण कानांवर, पायांवर आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस. लातूर-नांदेडकडे मिळते. दिसायला राणी, पण आपल्याकडच्या कुसळ्या आणि गोखरू तिच्या केसात असे अडकतात की संध्याकाळ फणी करण्यात जाते. एकच ठेवली आहे, तीही धाकटीच्या हट्टानं.

आणि तिसरी जात म्हणजे आपलं गावठी. तुम्ही म्हणाल, ही काय जात झाली? जागलीला याच्यासारखं दुसरं नाही. कारवानी डोळ्यानं शिकार करणारं कुत्रं आहे. दिसलं की पळतं, भुंकतं कमी. गावठी कुत्रं कानानं आणि नाकानं राखण करतं. अंधारात डुक्कर धुऱ्याशी आलं की आधी त्याला कळतं आणि ते गाव उठवतं. म्हणून वावरात आमची दोन गावठी असतात, कारवानी घरी. ज्यांना लांब केसांचं विलायती कुत्रं पाहिजे त्यांनी वाशीमचा मे महिना आठवावा.

आता खरी गोष्ट. दरवर्षी पेरणी झाली की लोक येतात, "वहिनी, कारवानी द्या, रोह्यांवर सोडतो." आम्ही देत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यात कुत्री लावून जनावर पिटाळणं हीसुद्धा शिकारच. कारंज्याला सोहोळचं काळविटांचं अभयारण्य आहे. तिथली हरणं हद्दीची पाटी वाचत नाहीत, आपल्या वावरात येतात. कुत्र्यानं एखादं पाडलं तर खटला जनावर सोडणाऱ्यावर. शिवाय रानडुकराच्या सुळ्यानं पोट फाटलेलं कुत्रं आम्ही शिवून घेतलं आहे. जनावर सरकारचं, पीक आपलं, आणि मधे मरायचं कुत्र्यानं? नुकसानीचा अर्ज करा, पंचनाम्यासाठी पाय धरून बसा, मोर्चा काढा, आम्ही पुढे येतो. ते भांडण कुत्र्याच्या गळ्यात बांधू नका.

चार वर्षांपूर्वी आमची थोरली कारवानी कुत्री मेली. आजारानं नाही. शेजारच्या एका वावरात डुकरासाठी तारेत सरळ लाइनचा करंट सोडला होता. पहाटे ती सशामागं गेली असेल. आम्ही गेलो तेव्हा तारेला तोंड लावून पडलेली होती. त्या रस्त्यानं साडेसहाला पोरी शाळेत जातात. त्या घराशी आम्ही अजून बोलतो, कारण त्याच्या तुरीचं काय झालं होतं तेही आम्ही पाहिलं होतं. पण झटका मशीन वेगळं आणि खांबावरून ओढलेला करंट वेगळा, हे त्या दिवशी त्याच्या अंगणात बसून सांगितलं. तार निघाली.

पिल्लाचे पैसे आम्ही घेत नव्हतो. मग कळलं की एकानं नेलेली दोन पिल्लं शहरात चांगल्या रकमेला गेली. संघटनेचा बिल्ला लावून माल फुकट वाटणाऱ्या आम्हीच! विकायचं तर 2017 च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. कुत्री दीड वर्षाची होण्याआधी लावायची नाही, वर्षातून एकच वीण, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. पहिले तीन नियम कागदावर येण्याआधीपासून आम्ही दोन पाळतच होतो, नोंदणी तेवढी राहिली. तिचे कागद आता जमवतो आहोत. खर्चही मांडला: कुत्रीची भाकर, दूध, लसी, दोन महिन्यांचं आमचं जागरण. ज्वारी घरची असली तरी बाजारभावानंच धरली. जावेनं मजुरीही लावली, ती आम्ही खोडलेली नाही.

कारवानी दिवाळीच्या सुमारास वीणार आहे, त्रेसष्ट दिवस धरले आहेत. गावठी पिल्लू पाहिजे त्यांना आजही मिळेल, फुकट. तीन महिन्यांचं झालं की पिसाळण्याची लस टोचायची, हे कबूल करून न्यावं. कोणाला कुत्रं चावलंच तर मिरची-चुना लावत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्या.

आणि पिल्लू न्यायला येण्याआधी वावरातली तार काढून या. आम्ही बघायला येतो.