धान, तांदूळ आणि संगणकाची संहिता

रायपूरच्या भोवतालचा मुलूख हा धानाचा मुलूख होय. कोकणात ज्याला भात म्हणतात, त्याला येथे पूर्व विदर्भाप्रमाणेच धान म्हणतात. आणि धान व तांदूळ यांतील भेद येथल्या शेतकऱ्याच्या पोरालाही समजावून द्यावा लागत नाही. तांदूळ शिजतो, त्याने पोट भरते. पण तो पेरला तर उगवत नाही. उगवते ते धान. डॉ. रिछारिया या कृषिशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात याच परिसरात हिंडून सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. ते धानाचे होते, तांदळाचे नव्हते.

संगणकाच्या जगातही असाच एक भेद आहे. बाजारातून विकत आणलेला तयार प्रोग्राम हा सडीक तांदूळ होय. तो चालतो, पण त्याच्या पोटात काय आहे हे दिसत नाही आणि त्यात बदलही करता येत नाही. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला त्याचा मूळ मजकूर, म्हणजे मूळ संहिता, हे मात्र धान. ती यंत्राला कळेल अशा रूपात आणण्याच्या क्रियेला कंपाइल करणे म्हणतात आणि हे काम करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर.

रायपुरात १९६४ साली स्थापन झालेले पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेशी तेथील खगोलभौतिकीच्या अभ्यासकांचा स्नेह जुना आहे. पाटील, पांडे, साहू आणि केंभावी या चौघांचा एक निबंध २००७ साली ‘अॅस्ट्रॉनॉमी अँड अॅस्ट्रोफिजिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नांदेड, रायपूर, बंगळूर आणि पुणे ही त्यांची गावे. त्यांनी २६ दीर्घिकांमधील धूळ तपासली. धुळीमुळे प्रकाश किती व कसा मंदावतो हे दर्शविणारा एक अंक असतो. आपल्या आकाशगंगेत तो ३.१ मानतात, या दीर्घिकांत त्याची सरासरी ३.०२ निघाली. म्हणजे तिथली धूळ पुष्कळशी इथल्यासारखीच!

आता निष्कर्ष जेव्हा दशांशचिन्हापुढील आकड्यांवर तोललेला असतो, तेव्हा ते आकडे काढणाऱ्या प्रोग्रामवर डोळे मिटून विश्वास ठेवणे संशोधकाला परवडत नाही. छायाचित्रातील आकाशाचा उजेड नेमका कोणत्या रीतीने वजा केला गेला, हे त्याला पाहता आले पाहिजे. मूळ संहितेचा आग्रह धरण्याचे खरे कारण हे आहे. पैशाची बचत हे दुय्यम.

दुर्बिणीतून टिपलेल्या छायाचित्रांच्या अशा कामासाठी जगभर वापरला गेलेला प्रोग्रामसंच म्हणजे आयराफ. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टुसॉन येथे १९८१ च्या सुमारास त्याची उभारणी सुरू झाली. मूळ संहितेतून तो घरच्या संगणकावर उभा करणे हे मात्र एका दमात होणारे काम नव्हे. प्रथम संहितेचे गाठोडे उतरवून घ्यावयाचे आणि सोडावयाचे. मग सी भाषेचा कंपायलर, मेक हे साधन, फ्लेक्स, कर्ल, एक्स्पॅट, रीडलाइन अशी सामग्री यंत्रावर आहे की नाही ते पाहावयाचे. एखादी लायब्ररी असते, पण तिची जोडणीला लागणारी शीर्षके नसतात, आणि नवशिक्याचा सारा दिवस तेवढ्यातच जातो. आयराफ तर प्रथम स्वतःची अवजारे घडवतो आणि मग त्या अवजारांनी उरलेला संसार उभा करतो. त्याची संहिता बव्हंशी एसपीपी या खास भाषेत आहे. ती टप्प्याटप्प्याने फोर्ट्रानमध्ये उतरते, फोर्ट्रानमधून सीमध्ये, आणि सीमधून अखेर यंत्राच्या भाषेत. लोहाराने आधी हातोडा घडवावा आणि मग नांगराचा फाळ, तसा हा प्रकार!

पडद्यावर चुकांच्या ओळी धावू लागल्या की विद्यार्थी शेवटची ओळ वाचतो आणि हताश होतो. वास्तविक वाचावयाची असते ती पहिली. पुढच्या बहुतेक चुका तिच्यातून निघालेल्या असतात. आणि कंपाइल झाले म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतो असेही नाही. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे गणित त्याला घालून पाहावे लागते. ही पायरी घाईत गाळली जाते, आणि मग आकड्यांतला दोष दीर्घिकेच्या माथी बसतो.

२०१३ नंतर आयराफ घडविणाऱ्या संस्थेने त्याचा विकास थांबविला. तयार तांदूळच हाती असता, तर कोठीतला साठा संपताच गोष्ट संपली असती. नवी यंत्रे येतात, नवे कंपायलर येतात, आणि जुना तयार प्रोग्राम एके दिवशी मुका होतो. परंतु संहिता लोकांच्या हाती होती, म्हणून निरनिराळ्या देशांतील वापरणाऱ्यांनीच ती पुढे चालविली. त्यातही एक अडचण निघाली. काही गणिती भाग एका नामांकित पुस्तकातून उचललेले होते. ते वाचता येत होते, पण मुक्तपणे वाटण्याची मुभा नव्हती. तेवढे भाग काढून त्या जागी नवे घालावे लागले. उघडी असणे निराळे आणि मोकळी असणे निराळे, हे अनेकांना तेव्हा उमगले.

कंपायलरही कडक होत गेले. पूर्वी जाहीर न केलेले फलन वापरले तर जुने कंपायलर नुसती ताकीद देऊन पुढे जात. २०२४ साली आलेली जीसीसीची १४ वी आवृत्ती तेथेच थांबते. जुन्या शास्त्रीय संहितांत अशी स्थळे पुष्कळ असतात. ती एकेक शोधून, योग्य ती ओळ घालून, पुन्हा मेक चालवावे लागते. मेक बदललेलाच भाग नव्याने कंपाइल करतो, बाकीच्याला हात लावत नाही. अशी दुरुस्ती रायपुरातल्या एखाद्या विद्यार्थ्याने केली आणि ती पाठवून दिली, तर तपासून मूळ संहितेत मिळविली जाते. आणि पुढच्या वर्षी नांदेडात कोणी तीच संहिता उतरवून घेतली, तर त्या ओळीपाशी तो अडत नाही.