तारेपलीकडचा वाघ

निसर्गाचे छायाचित्रण हा वरवर पाहता सुखाचा छंद वाटतो. प्रत्यक्षात ती संयमाची कसोटी असते. संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश व उत्तराखंडातील, वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वाघाची शिकार हा मोठा पराक्रम मानला जाई, त्या काळात त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा पत्करला.

वाघ प्रामुख्याने रात्री हिंडतो. त्याच्या वाटेवर ते बारीक तार ताणून ठेवीत. तारेला धक्का लागताच मॅग्नेशियमचा लखलखाट होई आणि चित्र टिपले जाई. सांगावयास हे सोपे. परंतु वाघाने वाट बदलली, दवाने भुकटी सादळली किंवा एखाद्या सांबराने तार ओढली, की साऱ्या रात्रीचे श्रम वाया! शिवाय, ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप, त्या क्षणी छायाचित्रकार तेथे नसतोच. त्याची आणि वाघाची भेट होते ती काच धुताना, अंधाऱ्या खोलीत.

मग या श्रमांचे फळ कोणते? १९२७ साली चॅम्पियन यांचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, त्यांवरून तो ओळखता येतो, हे छायाचित्रांनी दाखवून दिले. आज भारतातील व्याघ्रगणना स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने याच तत्त्वावर होते. परंतु छायाचित्रकाराचे खरे समाधान याहून साधे आहे: चित्र त्याच्या हाती येते आणि वाघ जिवंतपणी आपल्या वाटेने निघून गेलेला असतो.