परके ठरवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?
(ऑकलंड येथील मराठी साहित्य मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



सकाळच्या परिसंवादात एका वक्त्याने तक्रार केली, की इथले लोक आपल्यात आणि फिजीवाल्यांत फरकच करत नाहीत, त्यामुळे ‘खऱ्या’ भारतीयांची ओळख पुसट होत चालली आहे. त्यावर टाळ्या पडल्या, आणि त्या मला फार झोंबल्या. अध्यक्षाने शेवटी उठावं, सर्वांचं कौतुक करावं आणि चार गोड शब्द बोलून खाली बसावं, असा आपल्याकडचा संकेत आहे. आज तो मला पाळता येणार नाही.

ज्यांना आपण सकाळी बाजूला काढलं, ते फिजीचे भारतीय कोण आहेत? 14 मे 1879 रोजी ‘लिओनिडास’ नावाचं जहाज कलकत्त्याहून 463 माणसं घेऊन फिजीच्या लेवुका बंदराबाहेर उभं राहिलं. वाटेत पटकी आणि देवीची साथ लागली होती, म्हणून त्यांना किनाऱ्यावर न घेता एका लहानशा बेटावर वेगळं ठेवलं. पुढच्या सदतीस वर्षांत अशी 60 हजारांवर माणसं आली. पाच वर्षांच्या कराराला ते गिरमिट म्हणत. पुरुषाला दिवसाचा एक शिलिंग आणि बाईला नऊ पेन्स मिळत, तेही नेमून दिलेलं काम पुरं झालं तरच. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका न्यायच्या, हे प्रमाण सरकारनेच ठरवून दिलेलं. राहायला दहा फूट बाय सात फुटांच्या खोल्यांची लांब चाळ, त्यांच्या बोलीत ‘लैन’. एका खोलीत तीन सडे पुरुष किंवा एक अख्खं कुटुंब. भिंती छतापर्यंत गेलेल्या नसत, त्यामुळे एका खोलीतली कुजबुज तिसऱ्या खोलीत ऐकू जाई. ऊस ऑस्ट्रेलियन साखर कंपनीचा आणि चाबूक तिच्या गोऱ्या अधिकाऱ्याचा. 1912 साली कुंती नावाच्या मजूर बाईने अशाच एका अधिकाऱ्याच्या तावडीतून सुटण्यासाठी नदीत उडी घेतली. एका मुलाने होडी घालून तिला वाचवलं. पुढच्या वर्षी तिची हकीगत हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांत आली आणि देश हादरला.

इथे मराठी माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी होती, ती आपण विसरलो आहोत. 4 मार्च 1912 रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात ‘ही मजूर भरती समूळ बंद करा’ असा ठराव मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले होते. सरकारी बहुमताने तो पाडला गेला. 1916 साली मदनमोहन मालवीयांनी तो विषय पुन्हा आणला तेव्हा सरकारला नमावं लागलं, आणि 1 जानेवारी 1920 रोजी फिजीतले उरलेले सगळे करार रद्द झाले. गोखले त्याआधी पाच वर्षं गेलेले होते. कोतळूकला जन्मलेल्या या माणसाने बस्ती, गोंडा, आझमगढ, गाझीपूरच्या मजुरांसाठी आपली ताकद लावली. हे माझ्या भाषेचे आहेत का, असा प्रश्न त्याला पडला नाही. तो आज सकाळी तुम्हाला पडला.

मॉरिशसकडे बघा. त्याच गिरमिटावर कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या मराठी मजुरांची पणतवंडं तिथे आहेत. घरात क्रिओल बोलतात, गणपती बसवतात. ते महाराष्ट्रात आले की आपण शाल-श्रीफळ घेऊन धावतो आणि धावायलाच हवं. मग त्याच जहाजांच्या दुसऱ्या मार्गावरून गेलेल्या अवधी-भोजपुरी माणसाची पणती इथल्या दुकानात आपल्याशी बोलू लागली, की आपण तिच्या व्याकरणाच्या चुका का काढतो? ‘यांची हिंदी कसली मोडकी!’ हे वाक्य मी या सभागृहाच्या चहाच्या रांगेत ऐकलं आहे. मोडकी म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यावं: अवधच्या आणि बिहारच्या मजुरांनी ती लैनीत घडवली. 1903 नंतर मद्रासकडून आलेल्या तमिळ, तेलुगू, मल्याळी मजुरांनी ती उचलली. तिने इतौकेई, म्हणजे फिजीच्या मूळ रहिवाशांच्या, भाषेचे आणि इंग्रजीचे शब्द घेतले. एकमेकांचं एक अक्षर न कळणारी माणसं तिच्यामुळे एका पंगतीला बसली. जिल्ह्या-जिल्ह्याच्या आणि जातीच्या मंडळांत वाटल्या गेलेल्या आपल्यासारख्यांनी तिला नावं ठेवू नयेत.

माझ्या शेजारी फिजीतल्या बा गावाकडच्या एक आजी राहतात. त्या अळूच्या पानांना वाटलेल्या डाळीचं पीठ लावतात, गुंडाळी करून उकडतात, काप पाडून तळतात आणि त्याला ‘सैना’ म्हणतात. पहिल्यांदा त्यांनी ताटली दिली तेव्हा माझ्या पत्नीने विचारलं, ‘अळूवडी तुम्हाला कुणी शिकवली?’ त्या म्हणाल्या, ‘हमार आजी बनावत रही.’ त्याच ओट्यावर त्या नारळाच्या दुधात, ज्याला त्या ‘लोलो’ म्हणतात, अळूची भाजी शिजवतात. ती त्यांनी इतौकेई शेजारणींकडून घेतली. त्यांच्याकडे रामायण मंडळी भरते तेव्हा वाचन आटोपल्यावर पुरुष यंगोना या फिजीच्या पेयाचं भांडं मधे ठेवून नारळाच्या करवंटीने पितात. तुलसीदास आणि यंगोना एकाच चटईवर! यातलं भारतीय किती आणि फिजीचं किती, याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. तो हिशेब दरवेळी दुसऱ्यांनीच मांडला.

ते दुसरे कोण, तेही सांगतो. 14 मे 1987 रोजी, म्हणजे लिओनिडासला नेमकी एकशे आठ वर्षं झाली त्या तारखेला, कर्नल सितिवेनी राबुका यांच्या सैनिकांनी संसदेत घुसून महिनाभरापूर्वी निवडून आलेलं सरकार उलथवलं. कारण दिलं, की ते सरकार भारतीयांच्या हातातलं आहे. पंतप्रधान तिमोसी बावद्रा स्वतः इतौकेई होते, ही गोष्ट सोयीने बाजूला सारली गेली. 2000 साली महेंद्र चौधरी, फिजीचे पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान, आपल्या सहकाऱ्यांसह 56 दिवस संसदेत ओलीस राहिले. त्याच दिवसांत मुआनिवेनीच्या शेतकऱ्यांची घरं लुटली गेली आणि ते लौटोकाच्या गिरमिट केंद्रात निर्वासित म्हणून राहिले. चौथ्या पिढीची माणसं, स्वतःच्याच देशात निर्वासित!

जमिनीचं दुखणं तर त्याहून जुनं आहे. फिजीतली 80 टक्क्यांहून अधिक जमीन इतौकेई कुळांची आहे आणि ती विकता येत नाही. ऊस लावणारा भारतीय तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ती कसतो. 1997 पासून हे पट्टे संपू लागले. ज्यांचे वाढवून मिळाले नाहीत त्यांनी स्वतःच्या हातांनी घराचे पत्रे उतरवले, वासे सोडवले, लाकूड ट्रकवर घातलं आणि राजधानी सुवाच्या कडेच्या वस्त्यांत जाऊन तेच घर पुन्हा उभं केलं. काही इथे ऑकलंडला आले. 1946 च्या जनगणनेत जो समाज फिजीत संख्येने सर्वांत मोठा होता, तो 2007 साली 37 टक्क्यांवर आला.

पण इतौकेई माणसाच्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. 1875 च्या गोवराच्या साथीत त्यांची सुमारे चौथा हिस्सा लोकसंख्या मेली. ज्याने हे पाहिलं त्याला जहाजामागून जहाज येताना काय वाटलं असेल, हे कळायला मोठी बुद्धी लागत नाही. जमीन त्यांची आहे, ती त्यांचीच राहिली पाहिजे. आणि शंभर वर्षं शेजारी राहून इतौकेई भाषा न शिकलेल्या शहरी भारतीयांनाही मी दोष देतो. लंबासाकडच्या शेतकऱ्याला ती येते, सुवातल्या वकिलाला येत नाही. पण मालक कोण हे ठरलं, म्हणजे शेजाऱ्याचं घर जाळायचा परवाना मिळाला, असं कुणालाही म्हणता येणार नाही. राबुकांनाही ते अखेर कळलं. पुन्हा पंतप्रधान झाल्यावर, मे 2023 मध्ये, त्यांनी 1987 बद्दल गिरमिटियांच्या वंशजांची जाहीर माफी मागितली आणि गिरमिट दिन राष्ट्रीय सुट्टी झाला.

आता खरं भांडण. ‘भूमिपुत्र’ हा शब्द महाराष्ट्राने गेली साठ वर्षं ज्या पद्धतीने वापरला, त्याच्यात आणि सुवाच्या रस्त्यावर 2000 साली दिलेल्या घोषणांत मला फरक दिसत नाही. ऑक्टोबर 2008 मध्ये मुंबईत रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. ज्या मुलखातून ती मुलं आली, त्याच मुलखातून लिओनिडास भरलं होतं. फिजीत मार खाल्ला की त्या मुलखातला माणूस आपल्याला भारतीय म्हणून आठवतो, कल्याणला मार खाल्ला की तोच भय्या होतो. तुम्ही म्हणाल, फिजी वेगळं आणि मुंबई वेगळी. वेगळीच आहे. फिजीत भारतीय माणूस दुसऱ्या देशात नेला गेला. मुंबईत तो स्वतःच्याच देशात, राज्यघटनेने दिलेल्या हक्काने येतो. म्हणजे आपली बाजू अधिक लंगडी आहे. मुंबईत राहणाऱ्याने मराठी शिकावी, हा माझा आग्रह आहे आणि मरेपर्यंत राहील. शिकवण्यासाठी शाळा काढा, वर्ग चालवा, पुस्तकं द्या. हात उगारणाऱ्याला मराठीचा सेवक म्हणायला मी तयार नाही, आणि या व्यासपीठावरून कुणी तसं म्हटलं तर मी त्याला उत्तर देईन.

आपण इथे कसे आलो? शिक्षणाचे, अनुभवाचे गुण मोजून मिळालेल्या व्हिसावर, विमानात बसून. आपल्याला इथे कुणी चाबूक मारला नाही. तरी आपण या देशाकडे तक्रारी घेऊन जातो, की आम्हाला आपलं म्हणा. इथल्या सरकारी वर्गीकरणात फिजी भारतीय ‘आशियाई’ रकान्यात जातो, पॅसिफिक समाजात त्याची गणना होत नाही. चार-पाच पिढ्या पॅसिफिकच्या बेटावर राबलेला हा माणूस! बेटाच्या रकान्यात त्याला जागा नाही आणि भारताच्या सतरंजीवर आपण त्याला बसू देत नाही.

साहित्याचा मेळावा आहे म्हणून एवढंच सांगतो. फिजीचे लेखक सुब्रमणी यांनी 2001 साली ‘डउका पुरान’ ही कादंबरी फिजी हिंदीत लिहिली, जिला तुम्ही मोडकी म्हणता त्याच भाषेत. 2018 साली त्यांची हजारावर पानांची ‘फिजी माँ’ आली. या सभागृहातल्या किती जणांनी ही नावं ऐकली आहेत? फिजीचे इतिहासकार ब्रिज लाल यांनी गिरमिटियांचे सरकारी कागद एकेक करून तपासले आणि जहाजात चढलेल्या माणसांना गाव, जिल्हा, जात परत मिळवून दिली. लष्करी सरकारवर टीका केली म्हणून 2009 साली त्यांना देशाबाहेर काढलं. 2021 साली ब्रिस्बेनला ते वारले. त्यांच्यावरची प्रवेशबंदी उठल्यावर त्यांच्या अस्थी फिजीत गेल्या. आपली लेखकमंडळी परदेशी राहण्याच्या दुःखावर कविता लिहितात. दुःख कशाला म्हणतात ते या माणसाच्या पुस्तकांत वाचा.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. ‘डउका पुरान’चा मराठी अनुवाद या संस्थेने हाती घ्यावा. त्यासाठी लागणाऱ्या खर्चाचा पहिला हप्ता, आज मला देऊ केलेलं मानधन, मी इथेच परत करतो. आणि पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत फिजी हिंदीतल्या लेखकाचं नाव असावं, पहिल्या दिवशी, मुख्य सभागृहात, मराठी लेखकाच्या शेजारी. कार्यकारिणीची बैठक या सभेनंतर आहे. या ठरावाचा सूचक मी आहे. अनुमोदक याच सभागृहातून उभा राहिला पाहिजे, आणि तो आत्ता उभा राहावा.