राब न भाजलेलं वर्ष



कार्यानुभवाच्या तासाला सर आपल्याकडून मुळ्याचे वाफे करून घ्यायचे. मी पोटात दुखतंय म्हणून वर्गात बसून राहायचे. सर समोर बसलेत, म्हणून आज कबूल करते. ती टाळाटाळ चाळिशीनंतर महागात पडली.

लॉकडाउनमध्ये आपल्या वर्गातल्या आम्ही पाच जणी रविवारी रात्री फोनवर वाचायला लागलो. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग भांडायचं. आधी फुकुओका वाचले, मग भास्कर सावे. झाईपुढे गुजरातची हद्द लागली की जवळच देहरीला त्यांची 'कल्पवृक्ष' वाडी. मूळचे प्राथमिक शिक्षक. २००६ साली त्यांनी स्वामिनाथन यांना लिहिलेलं खुलं पत्र आम्हाला दोन रविवार पुरलं. वापीला जाताना कितीदा तरी उंबरगाव स्टेशन ओलांडलं, उतरले मात्र कधीच नव्हते.

वाचून वाचून हात शिवशिवायला लागले. एकीची मनोर रस्त्याला दहा गुंठे भातजमीन आहे. ती कसणाऱ्या वारली मावशींना मी पुस्तकातलं ऐकवलं, की राब भाजू नका. कवळासाठी झाडं छाटावी लागतात, आगीने मातीतले जीव मरतात. मावशी म्हणाल्या, "मग तण कोण काढील? तू?" मी हो म्हटलं.

पुढे दर शनिवारी ऑफिसचं काही ना काही निघालं. जुलैत गेले तर वाफ्यात रोपापेक्षा तण उंच. राब भाजला की तणाचं बी जळतं आणि राखेचं खत होतं, एवढा साधा हिशोब मी विचारलाच नव्हता. आमच्या धंद्यात चुकलं तर जुनं व्हर्जन परत टाकता येतं. मृग परत टाकता येत नाही. लावणीला रोप पुरलं नाही. मावशींनी स्वतःच्या वाफ्यातलं रोप उपटून दिलं, पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या वर्षी नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी पद्धत वाचली. एकदा गादीवाफे करायचे, चिखळणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. पाच गुंठ्यांवर तशी केली. पण त्यात तणनाशक सांगितलेलं आहे, आणि तिथे आमचं खरं भांडण झालं. मैत्रिणी म्हणाल्या, एकदाच मारू. मी अडून बसले.

बाबा तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात होते. बोईसरच्या घरी त्यांचे कपडे आई वेगळे धुवायची. त्याच पगारावर मी इंजिनीअर झाले, हे विसरून बोलणं मला जमणार नाही. प्रदूषणाच्या २०१८च्या सरकारी मूल्यांकनात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले, औद्योगिक क्षेत्रांत देशात पहिला नंबर. आमच्या घरी पहिला नंबर आला की पेढे वाटायचे. त्या दिवशी बाबांनी पेपर घडी घालून ठेवला आणि चहा न घेताच बाहेर गेले. त्यानंतर तणनाशकाची बाटली माझ्या हाताने विकत घेतली गेली नसती.

मग मजुरी देऊन दोन बायका लावल्या, आणि या वेळी मीही बेणणीला बसले. भात झाला, पण खर्च निघाला नाही. फरक आम्ही पगारातून भरला. मावशींना असा फरक कोण भरून देणार? म्हणून त्यांना उपदेश करणं मी बंद केलंय. वाफ्यांवर गांडुळांची विष्ठा दिसायला लागली तेव्हा मात्र त्यांनीच मला हाक मारून दाखवली.

उरलेल्या पाच गुंठ्यांच्या रोपासाठी यंदा त्या अर्धा वाफा भाजणार आहेत, अर्ध्यावर पाला नुसता पसरून ठेवणार आहेत. हे त्यांचंच ठरलंय, पुस्तकातलं नाही. सर, बेणणीला तुम्ही या. पोटात दुखतंय असं मी म्हणणार नाही.