घरांतील हवा : नागपूरचा मे आणि नागपूरचा जुलै

२३ मे २०१३ रोजीं नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत घरोघरच्या खिडक्यांना कूलर लागतात, वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपूं लागतें, आणि बाहेर आग पाखडत असतां आंत माणूस बऱ्यापैकीं सुखानें बसतो. पुढें पाऊस लागतो, पारा ३२ वर उतरतो. आणि नेमक्या त्याच वेळीं, तोच कूलर व तीच खोली असतांना अंग चिकचिकतें, डोकें जड होतें, मुलांचें अभ्यासांत लक्ष लागत नाहीं. "पारा तर उतरला, मग जीव कां घाबरा होतो?" हा प्रश्न नागपूरच्या गृहिणी दरसाल विचारतात, आणि तो अगदीं शास्त्रशुद्ध आहे.

त्याच्या उत्तराचा पहिला भाग निव्वळ हिशेबाचा आहे. कूलर हवेंत पाणी मुरवून हवा थंड करतो. म्हणून ओलें फडकें गुंडाळलेला तापमापक जेथवर उतरेल, त्याच्या खालीं तो हवेला नेऊं शकत नाहीं. मे महिन्यांत दुपारीं ४४ अंश उष्णता व १५ टक्के आर्द्रता असली, तर ही मर्यादा सुमारें २३ अंशांवर पडते. चांगला कूलर तेथवर पोहोंचत नसला तरी २८ च्या आसपास येतो. जुलैंत ३२ अंश व ७५ टक्के आर्द्रता असली कीं ती मर्यादाच २८ वर चढते. यंत्राला उतरावयास वाव उरत नाहीं. तें खोलींत ओलावा मात्र भरीत राहतें, आणि अंगावरचा घाम वाळेनासा होतो. त्यांतून पुष्कळ घरीं कूलर लावून दारें-खिडक्या घट्ट लावून घेतात! ओल्या हवेस जावयास वाटच नसेल, तर मे महिन्यांतही जुलै ओढवून घेतल्यासारखेंच होतें.

बंद खोलींत गुदमरल्यासारखें होतें याचें कारण श्वासाची "दूषित हवा" हेंच, असा समज फार जुना. १९०५ सालीं तेव्हांच्या जर्मनींतील ब्रेस्लाऊ येथें फ्लूग्गे यांच्या प्रयोगशाळेंत माणसांना बंद पेटीवजा खोलींत बसविलें. उष्णता व ओलावा वाढतांच त्यांस अस्वस्थता आली. नळीनें बाहेरची शुद्ध हवा त्यांच्या नाकाशीं दिली, तरी बरें वाटेना. उलट बाहेरच्या माणसास तीच आंतली हवा नळीनें हुंगावयास दिली, तर त्यास कांहीं झालें नाहीं. मग आंत पंखा सुरू केला. हवा तीच, पण जीव थाऱ्यावर आला.

म्हणजे उष्णता, ओलावा आणि वारा हीं तिन्हीं मिळून शरीरावर काम करतात. १९२३ सालीं अमेरिकेंत हॉटन व यॅग्लू यांनीं त्या तिहींचा मिळून एकच आंकडा बसविला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडमध्यें मॅकवर्थ यांनीं तोच आंकडा हाताशीं धरून, तापविलेल्या दमट खोलींत बिनतारी संदेश उतरून घेणाऱ्या कसलेल्या नोकरांच्या चुका मोजल्या. कांहीं मर्यादेपर्यंत चुका थोड्याच वाढल्या. ती ओलांडतांच भराभर वाढल्या. पुढें १९९८ सालीं डेन्मार्कमधील संशोधकांना असें दिसलें कीं, स्वच्छता तितकीच असली तरी उष्ण व दमट हवा माणसाच्या नाकास शिळी वाटते. नाक आणि त्वचा यांचा असा संगनमत असावा, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

यापुढें गुंता वाढतो, कारण एका दुःखावरचा उपाय दुसरें दुःख घेऊन येतो. ऊन नको म्हणून खिडकी लावावी, तर उजेड जातो. कूलर लावावा, तर त्याच्या घरघरीनें बोलणें ऐकूं येत नाहीं. रात्रीं हवा निवते, पण दिवसभर तापलेला स्लॅब वरून आंच टाकीत राहतो, आणि ती भिंतीवरच्या तापमापकांत पुरती दिसतही नाहीं. पत्र्याखालीं राहणाऱ्यांची अवस्था तर बोलावयासच नको.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठांतील संशोधकांनीं पांच शहरांतील कचेऱ्यांत बसणाऱ्यांना विचारून २०१४ च्या सुमारास भारतीय माणसाच्या सुखावह तापमानाचें गणित मांडलें. येथील माणसास परदेशी नियमांहून अधिक उष्णता सोसते, हें त्यांतून दिसलें. काम मोलाचें खरें. पण तें कचेऱ्यांचें. आणि नागपूर त्या पांचांत नव्हतें.

येथें शाळेची गोष्ट निघते. उन्हाळा कडक म्हणून विदर्भांतील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. पारा उतरलेला असतो, पण मुलें दाटीवाटीनें वर्गांत बसतात तीं नेमकीं दमट दिवसांत. पावसाची झड आंत येते म्हणून खिडक्या लावलेल्या, आणि वीज गेली कीं पंखाही बंद. अशा वर्गांतील शेवटच्या तासाला जांभया देणाऱ्या मुलास आळशी म्हणण्यापूर्वीं दोन साधे तापमापक भिंतीला टांगावे, एकाच्या टोकास ओलें फडकें बांधावें आणि दोन्ही आंकडे टिपून ठेवावे. मात्र ते त्या शेवटच्याच तासाला, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं नव्हे.