बॅटरी बदलण्याआधी आकडे बघा



गटाचा माल विकायला जुनी व्हॅन घेतली, मागच्या सीट काढल्या, फळ्या ठोकल्या, दिवे आणि भोंगा लावला, मिक्सरसाठी इन्व्हर्टर जोडला. मग ऐन बाजाराच्या दिवशी सेल्फ मारला, तर नुसता टक-टक आवाज! सगळे म्हणतात, बॅटरी गेली. गट हजारो रुपये काढून नवी आणतो आणि दोन महिन्यांत तीही उतरते. असं झालं, तर दोष दुसरीकडे असू शकतो.

बॅटरी ही टाकी आणि अल्टरनेटर ही ती भरणारी मोटार. मोटारच बिघडली, तर नवी टाकी आणून काय उपयोग? म्हणून गटात एक साधा मल्टिमीटर घ्या. तो डीसी 20 व्होल्टवर ठेवा. लाल तार बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला लावा. आता चार आकडे लिहून घ्या.

पहिला, सकाळी गाडी सुरू करण्याआधी. 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

दुसरा, कुणीतरी सेल्फ मारत असताना. बॅटरी भरलेली असूनही आकडा 9.6 च्या खाली गेला, तर बॅटरी खरोखर थकली आहे.

तिसरा, इंजिन चालू असताना. बहुतेक गाड्यांत तो 13.8 ते 14.5 हवा. तो 12.5 वरच राहून उतरत गेला, तर बॅटरी भरतच नाही. पट्टा सैल आहे का, अल्टरनेटरची वायर सुटली आहे का, ते बघायला सांगा. 15 च्या वर गेला, तर बॅटरी उकळते, तिचं पाणी लवकर आटतं.

चौथा आकडा आपल्यासारख्या बदललेल्या गाडीसाठी सगळ्यात महत्त्वाचा. इंजिन चालू ठेवून दिवे, भोंगा, मिक्सर सगळं लावा. आकडा 13 च्या खाली घसरला, तर अल्टरनेटरला भार झेपत नाही. हिशेब सोपा आहे, वॅटला 12 ने भागा. 500 वॅटचा मिक्सर 40 अँपिअरहून जास्त ओढतो. इंजिन बंद ठेवून तो चालवला, तर 35 अँपिअर-तासाची बॅटरी तासभरसुद्धा टिकत नाही. उभ्या गाडीत विक्री असेल, तर त्या सामानाला वेगळी बॅटरी घ्या.

रात्री भरलेली बॅटरी सकाळी उतरलेली दिसली, तर एका रात्री जादा वायरिंगचा फ्यूज काढून ठेवा. सकाळी आकडा टिकला, तर चोर त्याच वायरिंगमध्ये आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल, तर तीही साफ करून घ्या.

आणि काळजी घ्या, बायांनो. पदर, ओढणी, वेणी पट्ट्यापासून लांब. हातातल्या धातूच्या बांगड्या आधी काढा. बॅटरीजवळ काडी ओढू नका, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून तपासणी कुणालाही करू देऊ नका, त्यानं गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळू शकते.

हे चार आकडे तारखेसह गटाच्या नोंदवहीत लिहा आणि वही घेऊनच गॅरेजला जा. मग पैसे कशावर खर्च करायचे, ते गट ठरवेल.