गवत कधी कापावे?



शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या पावरा, भिल्ल कुटुंबांचे बैल उन्हाळ्यात वाळल्या गवतावरच जगतात. ते गवत बहुतेक घरी दिवाळीनंतर कापतात. तोवर ते पिवळे, कडक होते, बी गळते आणि प्रथिने जवळजवळ निम्मीच उरतात. भारा मोठा दिसतो. वैशाखात बैलाची हाडे दिसतात.

मारवेल, पवन्या फुलोऱ्यावर आले की कापावे, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. कुसळी तर कुसळे पिकण्याआधीच. नाहीतर ती जनावराच्या तोंडात रुततात.

अडचण मला दिसते. त्याच दिवसांत कापूस वेचणीची मजुरी सुरू होते. रोख पैसा सोडून गवताला कोण जाईल? शिवाय परतीचा पाऊस! म्हणून तीन-चार दिवसांची उघडीप बघून थोडेथोडे कापावे, रोज उलटवावे. काडी वाकवताच कट्‌कन मोडली तरच गंजी रचावी. ओली रचली तर आतून तापते, बुरशी धरते, मग जनावर तोंड लावत नाही.

काय मदत करू, असे आपल्यापैकी काहींनी विचारले. यंदा ताडपत्र्या द्या. दोन-तीन घरांत मिळून एक पुरते.